मृतांसाठीं बाप्तिस्मा
(पाठ: १ करिंथ १५:१२–३४)

खेड्यांतील मंडळींत बाप्तिस्म्याचा वर्ग चालू असतां एक प्रश्न बहुधा निघतोच: "आमची आजी प्रभूचें नांवहि न ऐकतां वारली, तिचें काय?" उपदेशक बंधूंनो, हा प्रश्न वादासाठीं विचारलेला नसतो. त्याला एका पंथानें जें उत्तर दिलें, तें आज आपण पाहूं.

हा पंथ मॉर्मन लोकांचा होय. जोसेफ स्मिथ ह्यानें तो ६ एप्रिल १८३० रोजीं अमेरिकेंत स्थापिला. पुढील वर्षाच्या डिसेंबरांत अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी नगरास येऊन राहिले, म्हणजे दोन्ही कामें जवळजवळ एका वयाचीं. १८५२ सालीं ह्यू फिंडले नांवाचा मॉर्मन उपदेशक मुंबईस आला व पुण्यास त्यानें लहानशी मंडळी जमविली. ती फार वर्षें टिकली नाहीं. आतां बंगळूर येथें त्यांचें मंदिर व्हावयाचें असें २०१८ सालीं जाहीर झालें आहे.

स्मिथ ह्याचा वडील भाऊ ॲल्विन १८२३ सालीं बाप्तिस्म्यावांचून मरण पावला. प्रेतसंस्काराच्या वेळीं तो नरकास गेला असें पाळकानें सुचविलें, ही आठवण त्या कुटुंबांत राहिली. (शोकाच्या घरीं जीभ सैल सोडणाऱ्यांनीं हें लक्षांत ठेवावें.) १८४० च्या आगस्टांत स्मिथ ह्यानें एका प्रेतसंस्काराच्या भाषणांत मृतांसाठीं जिवंतांनीं बाप्तिस्मा घेण्याची शिकवण मांडली, आणि मिसिसिपी नदींत ते बाप्तिस्मे होऊं लागले.

त्यांचें म्हणणें असें. ख्रिस्ताच्या प्रायश्चित्तानें सर्वांचें पुनरुत्थान होईल, आणि लोक गौरवाच्या तीन राज्यांत वांटले जातील. सर्वोच्च राज्यांत जाण्यास विश्वास व पश्चात्ताप ह्यांसह पाण्यांत बुडवून बाप्तिस्मा व हस्तार्पण हवें, आणि तें त्यांचें याजकपण असलेल्यानेंच केलें पाहिजे. तेथील परम पदास मंदिरांतील विधि व सार्वकालिक विवाहबंधनहि लागतें. बालकांचा बाप्तिस्मा ते करीत नाहींत. आठ वर्षें पुरीं झाल्यावर करितात. हे विधि देहांतच व्हावयाचे, म्हणून मृताचें नांव घेऊन जिवंत मनुष्य त्याच्याऐवजीं पाण्यांत उतरतो. ह्यास्तव ते वंशावळी मोठ्या कष्टानें जमवितात.

कोणी म्हणेल, हें आपल्या गांवच्या श्राद्धासारखेंच झालें. तसें म्हणूं नये. विधि झाला तरी तो पत्करावा किंवा नाकारावा हें मृताच्याच इच्छेवर आहे, असें ते शिकवितात. ज्याचें मत खोडावयाचें, त्याचें मत आधीं खरें सांगावें.

आतां वचन पाहा. २९ व्या ओवींत पौल अशा बाप्तिस्म्याचा उल्लेख करितो खरा. परंतु तो करणाऱ्यांविषयीं "ते" असें बोलतो, आणि ३० व्या ओवींत स्वतःविषयीं बोलूं लागतांच "आम्ही" म्हणतो. तो पुनरुत्थान सिद्ध करीत आहे, विधि घालून देत नाहीं. एका ओवीवर, तीहि इतकी कठीण, एवढी इमारत उभी करणें आम्हांस सुरक्षित वाटत नाहीं. शिवाय लूक २३ मधील वधस्तंभावरील चोराला कोणीं बाप्तिस्मा दिला? बाप्तिस्मा ही कृपेची खूण व शिक्का आहे. कृपा त्यांत कोंडलेली नाहीं. इफिस २:८, ९ वाचून घ्यावें.

मग त्या आजीचें काय? ज्यांना नियमशास्त्र मिळालें नाहीं त्यांचा न्याय कसा होईल, ह्याविषयीं रोम २:१२–१६ इतकेंच सांगतें. त्यापलीकडचें आम्हांस प्रगट झालेलें नाहीं, आणि "ठाऊक नाहीं" म्हणण्यास उपदेशकानें लाजूं नये. उत्पत्ति १८ व्या अध्यायांत अब्राहाम सदोमाविषयीं देवापाशीं हाच प्रश्न घेऊन उभा राहिला. तो अध्याय त्या घरीं बसून सावकाश वाचावा, आणि मग आजी कशी होती हें त्यांस सांगूं द्यावें.