दुष्काळी गावातला नौकानयनपटू : दत्तू भोकनळ (पाठ, उपक्रम आणि पालकांसाठी थोडंसं)



आज एक वेगळा पाठ देत आहे. विषय आहे नावेच्या शर्यती. अंबाजोगाईत बसून नावेच्या शर्यतीबद्दल काय शिकवायचं, असं तुम्हाला वाटेल. आपल्याकडे उन्हाळ्यात घागरी आणि टँकर दिसतात, होडी कुठून दिसणार? पण म्हणूनच हा विषय निवडला आहे. महाराष्ट्रातला ऑलिम्पिकपर्यंत पोहोचलेला नौकानयनपटू समुद्रकिनाऱ्यावरचा नाही. तो आपल्यासारख्याच कोरड्या भागातला आहे.

तिसरी ते पाचवीच्या वर्गाला हा पाठ दोन तासिकांत होतो. भाषा, गणित, विज्ञान आणि परिसर अभ्यास असे चारही विषय त्यात येतात.

१) आधी शब्द नीट समजून घेऊ

होडी, नाव, नौका, तराफा, वल्हे, वल्हवणे, नावाडी, सुकाणू, शीड हे शब्द फळ्यावर लिहा. यातल्या कोणत्या वस्तू मुलांनी पाहिल्या आहेत ते विचारा. बऱ्याच मुलांना शब्द पाठ असतो, पण वस्तू पाहिलेली नसते. चित्र दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता शर्यतीचे प्रकार. वर्तमानपत्रात सगळ्यालाच ‘नौकानयन’ म्हणतात, पण खेळ वेगवेगळे आहेत.

रोइंग : खेळाडू पाठमोरा बसतो. म्हणजे नाव जिकडे जाते तिकडे त्याची पाठ असते. वल्ही नावेला जोडलेल्या कडीत अडकवलेली असतात. बसायची जागा पुढे-मागे सरकते, त्यामुळे हातांबरोबर पायांचाही जोर लागतो. ऑलिम्पिकमध्ये अंतर २००० मीटर.

कयाक : खेळाडू पुढे तोंड करून, पाय लांब करून बसतो. वल्हे हातातच असते, नावेला जोडलेले नसते. त्याला दोन्ही टोकांना पाती असतात. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे मारायचे.

कनू : खेळाडू एक गुडघा टेकवून बसतो. वल्ह्याला एकाच टोकाला पाते असते आणि तो एकाच बाजूने वल्हवतो. तरी नाव सरळ न्यायची! हे किती अवघड असेल ते मुलांना गुडघ्यावर बसवून, हातात पट्टी देऊन करून पाहायला लावा.

कयाक आणि कनूच्या वेगवान शर्यती १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकपासून आहेत. महिलांच्या कनू शर्यतींचा समावेश मात्र टोकियो ऑलिम्पिकमध्ये झाला. जर्मनीच्या बिर्गिट फिशर हिने १९८० ते २००४ या काळात कयाकमध्ये ८ सुवर्णपदके मिळवली. न्यूझीलंडच्या लिसा कॅरिंग्टननेही २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकपर्यंत ८ सुवर्णपदके जिंकली आहेत. निकालात ‘के १’, ‘सी २’ असं दिसलं तर गोंधळू नका. अक्षर नावेचा प्रकार सांगतं आणि आकडा नावेतल्या खेळाडूंची संख्या.

२) दत्तूची गोष्ट

नाशिक जिल्ह्यात चांदवड तालुका आहे. त्यातलं तळेगाव रोही हे गाव. नावात तळे आहे, पण पाण्याची ओढ कायमची. इथे दत्तू बबन भोकनळ याचा जन्म १९९१ साली झाला. वडील विहिरी खोदायच्या कामावर जायचे. दत्तूही लहानपणापासून त्यांच्याबरोबर हे काम करू लागला. २०११ मध्ये वडील गेले आणि घराचा भार त्याच्यावर आला. २०१२ मध्ये तो सैन्यात भरती झाला आणि पुण्याजवळ खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये दाखल झाला.

दत्तू सहा फुटांहून उंच. त्याची उंची आणि ताकद पाहून सैन्यातल्या प्रशिक्षकांनी त्याला रोइंगकडे वळवलं. सुरुवातीला त्याला पाण्याची भीती वाटायची. विहिरीच्या तळाशी जाऊन पाणी शोधणाऱ्या पोराला पाण्यावर तरंगायची भीती वाटत होती! पण तीन वर्षांत, म्हणजे २०१५ साली, बीजिंगच्या आशियाई रोइंग स्पर्धेत त्याने रौप्यपदक मिळवलं.

आता एप्रिल २०१६ आठवा. आपलं धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्याच महिन्यात दक्षिण कोरियातल्या चुंगजू इथे झालेल्या पात्रता स्पर्धेत दत्तू दुसरा आला आणि रिओ ऑलिम्पिकला पात्र ठरला. एका महिन्यातल्या या दोन घटना फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा. मुलं आपोआप बोलायला लागतात.

रिओला भारताकडून रोइंगमध्ये तो एकटाच होता. त्या वेळी त्याची आई अपघातात डोक्याला मार लागून गंभीर आजारी होती. मुलगा ऑलिम्पिकला गेला हे तिला कळण्याची अवस्थाही नव्हती. एकेरी शर्यतीत ३२ देशांचे खेळाडू होते. दत्तूने प्राथमिक फेरी पार केली. उपांत्यपूर्व फेरीत तो चौथा आला. पहिले तिघेच पदकाच्या वाटेवर पुढे जाणार होते, त्यामुळे पदकाची आशा संपली.

पण तो वल्हवायचा थांबला नाही. ‘क’ गटाच्या अंतिम शर्यतीत ६ मिनिटे ५४.९६ सेकंदांची वेळ देत तो पहिला आला.

इथे मुलांना कोडं घाला : शर्यतीत पहिला आला, तरी त्याचा एकूण क्रमांक तेरावा कसा? (‘अ’ अंतिम शर्यतीतून १ ते ६, ‘ब’ मधून ७ ते १२ आणि ‘क’ मधून १३ ते १८ क्रमांक ठरतात.) हे उत्तर ज्या मुलाला स्वतःहून सापडतं त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

पुढचा प्रसंग २०१८ च्या आशियाई खेळांतला, पालेमबांग इथला. तब्येत बिघडलेली असताना दत्तू एकेरीच्या अंतिम शर्यतीत उतरला आणि सहावा, म्हणजे शेवटचा आला. दुसऱ्याच दिवशी, २४ ऑगस्टला, चौघांच्या नावेची शर्यत होती. स्वर्ण सिंग, ओम प्रकाश, सुखमीत सिंग आणि दत्तू भोकनळ या चौघांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं. काल शेवटचा आणि आज सुवर्ण! २०२० मध्ये दत्तूला अर्जुन पुरस्कार मिळाला.

३) ही गोष्ट सांगताना एक काळजी

शिक्षक मित्रांनो, हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

अशी गोष्ट सांगून झाली की आपण पटकन म्हणतो, “बघा, गरिबीतून माणूस कसा मोठा होतो! तुम्हीही कष्ट करा.” आपल्या वर्गात समोर कोण बसलंय ते बघा. दिवाळीच्या आगेमागे आई-वडिलांबरोबर उसाच्या फडावर जाणारी मुलं त्यात असतात. ती कष्ट करतातच. फडावर लहान भावंडांना सांभाळणं, पाणी आणणं, वाढं गोळा करणं, सगळं करतात. त्यांना ‘कष्ट करा’ असं सांगण्यात काय अर्थ आहे? उलट, आपल्याला काही मिळत नाही म्हणजे आपणच कमी पडतो, असं त्यांना वाटू शकतं.

दत्तूने कष्ट लहानपणापासून केले, पण त्याचं आयुष्य बदललं २०१२ नंतर. तेव्हा नवीन काय मिळालं? पोटभर आणि योग्य आहार, सरावाला पाणी, चांगली नाव, शिकवणारा प्रशिक्षक आणि उद्याच्या पगाराची खात्री. म्हणजे कष्टाला संधी मिळाली. लहान मुलाने विहीर खोदणं हे कौतुकाचं नाही, ती त्याच्यावर आलेली वेळ होती. मुलांना हा फरक साध्या शब्दांत सांगता येतो. मी फळ्यावर दोन रकाने आखते : ‘दत्तूजवळ काय होतं’ आणि ‘दत्तूला काय मिळालं’. मुलं भराभर सांगतात. मग विचारते, “तुम्हाला काय मिळायला हवं?” ती उत्तरं जपून ठेवा, पालक सभेत उपयोगी पडतात.

४) वर्गात करायचे उपक्रम

वेग काढू या : २००० मीटर आणि साधारण ४१५ सेकंद. २००० भागिले ४१५ केले की सेकंदाला सुमारे ४.८ मीटर येतात, म्हणजे तासाला सुमारे १७ किलोमीटर. शाळेपासून दोन किलोमीटरवर काय आहे ते मुलांनाच शोधू द्या. तेवढं अंतर सात मिनिटांच्या आत, तेही हाताने वल्हवत!

हापसा आणि वल्हे : हापशाचा दांडा आपल्या बाजूला लांब असतो. म्हणून थोड्या जोरात पाणी वर येतं, पण दांडा बराच खाली-वर करावा लागतो. रोइंगच्या वल्ह्याचं उलट असतं. हाताकडची बाजू आखूड, पाण्याकडची लांब. जोर जास्त लागतो, पण हात थोडासा हलला की पाते लांब फिरतं. तरफ शिकवायला यापेक्षा ओळखीचं उदाहरण आपल्याकडे नाही.

घमेल्यातली नाव : रुंद घमेल्यात थोडं पाणी घ्या. त्यात थर्माकोलचा तुकडा सोडा आणि चमच्याने त्याच्या जवळचं पाणी मागे ढकला. तुकडा कोणत्या दिशेला जातो, तो जोरात गेला तर काय केलं होतं, हे मुलांनी वहीत लिहायचं. नंतर ते पाणी झाडाला घाला. तेवढा धडाही त्यात होऊन जातो.

५) आणखी तीन नावं सांगा

अर्जुन सिंग आणि सुनील सिंग सलाम : २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत दोघांच्या कनूमध्ये १००० मीटरला कांस्यपदक. त्याआधी भारताला या खेळात आशियाई पदक मिळालं होतं ते १९९४ मध्ये, हिरोशिमाला.

प्राची यादव : पायांनी अधू, पण टोकियो पॅरालिम्पिकमध्ये कनूच्या अंतिम फेरीत आठवी आली. २०२३ मध्ये आशियाई पॅरा खेळांत तिने एक सुवर्ण आणि एक रौप्य मिळवलं. वर्गात दिव्यांग मूल असेल तर हे नाव आवर्जून सांगा, पण त्या मुलाकडे बोट दाखवून नको.

६) पालकहो, तुमच्यासाठी

हा पाठ ऐकून मुलं घरी येऊन म्हणतील, “आपण पण तळ्यावर जाऊ.” कृपया एकट्याने जाऊ देऊ नका. विशेषतः शेततळ्याची काळजी घ्या. त्याचा प्लास्टिकचा कागद निसरडा असतो. आत घसरलेल्या मुलाला धरायला काही सापडत नाही, पोहता येणारा माणूससुद्धा अडकतो. शेततळ्याला कुंपण करा आणि कडेला गाठी मारलेला दोर कायम बांधून ठेवा. पोहायला शिकवायचं तर जाणकार मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच.

आणि दुसरी विनंती. यंदा ऊसतोडीला जाणार असाल तर पोराला किंवा पोरीला गावातच ठेवता येईल का, ते जाण्याआधी शाळेत येऊन विचारा. हंगामी वसतिगृह किंवा आजी-आजोबांकडे राहण्याची सोय, काही ना काही मार्ग निघतो. दत्तूला संधी विसाव्या वर्षानंतर मिळाली. आपल्या लेकरांना तेवढी वाट बघायला लागू नये.

स्वाध्याय

१. रोइंग, कयाक आणि कनू यांतला एकेक फरक सांगा.
२. शर्यतीत पहिला येऊनही दत्तूचा क्रमांक तेरावा का?
३. पदकाची आशा संपल्यावरही दत्तू पूर्ण जोराने का खेळला असेल? तुमच्या शब्दांत लिहा.
४. एप्रिल २०१६ मध्ये तुमच्या घरी पाणी कुठून यायचं? आजी किंवा आईला विचारून पाच वाक्ये लिहा.

चौथा प्रश्न गाळू नका. त्याची उत्तरं वर्गात मोठ्याने वाचून घ्या. पाठ तुमच्या वर्गात घेतलात तर मुलांनी काय लिहिलं ते जरूर कळवा.