बारावीच्या आधीची तीन वर्षं

न्यू जर्सीतल्या एका मराठी मंडळात कुणाचं मूल आठवीत गेलं की फोन काकूंना जातो. काकू मूळच्या सांगलीच्या, नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची. शिक्षणक्षेत्राशी त्यांचा संबंध एवढाच, की थोरली मुलगी अमेरिकेतल्या हायस्कूलमधून बाहेर पडली आणि त्या चार वर्षांत आईबापांनी जे जे करू नये ते बहुतेक सगळं त्यांच्या घरी झालं. धाकट्याच्या वेळी त्या सावध होत्या. दोन्ही वेळचं त्या न लपवता सांगतात, म्हणून लोक ऐकतात.

"बारावीची वाट बघू नका," हे त्यांचं पहिलं वाक्य. महाराष्ट्रात वाढलेल्या पालकाच्या लेखी दहावी आणि बारावी ही दोनच वर्षं खरी. नववीत काठावर पास झालेला मुलगा दहावीला नव्वद टक्के पाडतो आणि त्याची नववी पुन्हा कुणी काढत नाही. अमेरिकेत ती काढली जाते. हायस्कूल नववी ते बारावी असं चार वर्षांचं. नववीपासूनची प्रत्येक विषयाची ग्रेड ट्रान्सक्रिप्टवर चढते आणि तिची सरासरी, म्हणजे जीपीए, सहसा ४.० च्या मापावर निघते. कॉलेजांचे पहिले अर्ज बारावीच्या नोव्हेंबरमध्ये जातात, तेव्हा ते वर्ष जेमतेम सुरू झालेलं असतं. वाचणाऱ्यासमोर असतात ती आधीची तीन वर्षं. कॅलिफोर्निया विद्यापीठ जीपीए काढताना नववीच्या ग्रेड धरत नाही हे खरं. पण नववीतला आवश्यक विषय निदान 'सी' ग्रेडने सुटलेला तिथेही लागतो.

काकूंच्या घरी घोळ झाला तो गणिताचा. कुटुंब पुण्याहून आलं तेव्हा मुलीची स्टेट बोर्डाची आठवी झाली होती. आपल्याकडे बीजगणित आणि भूमिती वर्षानुवर्षं जोडीने चालतात. तिकडच्या बहुतेक शाळांत एक अख्खं वर्ष अल्जेब्रा-वन, पुढचं अख्खं वर्ष जॉमेट्री, मग अल्जेब्रा-टू, मग प्रीकॅल्क्युलस आणि शेवटी कॅल्क्युलस. पायऱ्या पाच, हायस्कूलची वर्षं चार. बारावीत कॅल्क्युलस हवं असेल तर पहिली पायरी आठवीतच चढलेली असावी लागते. शाळेने भारतातली गुणपत्रिका पाहिली, तीवर नुसतं 'गणित' लिहिलेलं, आणि मुलीला नववीत अल्जेब्रा-वनला बसवलं. काकूंना उलट बरंच वाटलं. निम्मं पुस्तक येतंय, 'ए' मिळेल, नव्या देशात तेवढाच एक विषय हलका. प्लेसमेंट टेस्ट मागता येते हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि शाळेतूनही कुणी सांगितलं नाही. 'ए' मिळालीही. पुढे इंजिनिअरिंगचे अर्ज भरायची वेळ आली तेव्हा वर्गातल्या इतर मुलांच्या यादीत कॅल्क्युलस होतं, हिच्या यादीत प्रीकॅल्क्युलस. मुलगी आज इंजिनिअर आहे, पण दुसऱ्या शाखेत प्रवेश घेऊन, कॉलेजात कॅल्क्युलस करून, मग शाखा बदलून.

आठवीतल्या या एका विषयावरून सॅन फ्रान्सिस्कोत तर राजकारण पेटलं. तिथल्या सरकारी शाळांनी २०१४ मध्ये आठवीचं अल्जेब्राच बंद केलं. सगळ्या मुलांना बरोबर पुढे न्यावं, लहान वयात त्यांची प्रतवारी होऊ नये, हा हेतू. ऐपत असलेल्या पालकांनी बाहेर क्लास लावले, बाकीचे भांडत राहिले. अखेर मार्च २०२४ मध्ये शहरात मतदान झालं आणि नागरिकांनी अल्जेब्रा आठवीत परत आणण्याच्या बाजूने भरघोस कौल दिला. एका विषयाच्या इयत्तेसाठी मतदान व्हावं, यातच त्याचं वजन कळतं.

म्हणून भारतातून मूल घेऊन येणाऱ्यांना काकू सांगतात, की गुणपत्रिकेबरोबर अभ्यासक्रमाची अनुक्रमणिकाही इंग्रजीत करून न्या, आणि प्लेसमेंट टेस्ट आपण होऊन मागा. एखादी पायरी उन्हाळ्याच्या सुट्टीत कोर्स करून भरून काढता येते. मात्र तो कोर्स शाळा धरणार का, हे पैसे भरण्याआधी ईमेलवर लिहून घ्या. ज्यांची मुलं इथेच शिकतात त्यांनी सहावी-सातवीत येणारं गणिताच्या गटांचं पत्र नीट वाचावं. ते पत्र दप्तराच्या तळाशी चुरगळलेलं सापडतं, हा त्यांचा धाकट्याच्या वेळचा अनुभव.

हे सगळं विचारायचं ते गायडन्स काउन्सेलरला. इथेच मराठी पालक बिचकतात. काउन्सेलरकडे जायचं म्हणजे पोराने काहीतरी केलं असणार, अशी आपली समजूत. खरं तर प्रत्येक मुलाला काउन्सेलर नेमून दिलेला असतो आणि त्याला भेटायला फी पडत नाही. शाळांत काउन्सेलर एवढे आले त्यामागे जुनी गोष्ट आहे. सोव्हिएत संघाने १९५७ मध्ये स्पुटनिक हा उपग्रह सोडल्यावर अमेरिका हादरली. पुढच्याच वर्षी तिथल्या काँग्रेसने नॅशनल डिफेन्स एज्युकेशन ॲक्ट केला. हुशार मुलं हेरायच्या चाचण्या आणि मुलांना वाट दाखवणारे काउन्सेलर, या दोन्हींसाठी त्यातून पैसा आला. माणसं मात्र आजही अपुरी. एका काउन्सेलरमागे २५० विद्यार्थी असावेत, अशी काउन्सेलरांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस आहे. देशाची सरासरी साडेतीनशेच्या वर. विषय निवडून देणं, घरी अडचणीत असलेल्या मुलांकडे बघणं आणि शिवाय बारावीच्या मुलांची शिफारसपत्रं लिहिणं, हे सगळं त्याच माणसाने करायचं. ज्याने मुलाला कधी पाहिलंच नाही तो पत्रात लिहिणार काय?

त्याच्या मदतीला अनेक शाळा अकरावीच्या वसंतात मुलाला आणि पालकांना एक फॉर्म देतात. त्याला 'ब्रॅग शीट' म्हणतात, म्हणजे आपल्याच मुलाची फुशारकी मारायचा कागद. थोरलीच्या वेळी त्यात एक प्रश्न होता, मुलाचं वर्णन तीन शब्दांत करा. काकूंनी लिहिलं : कष्टाळू, प्रामाणिक, आज्ञाधारक. रजेच्या अर्जाखाली 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी' लिहीत मोठ्या झालेल्या पिढीला यात काही वावगं वाटत नाही. अमेरिकन काउन्सेलरला मात्र आज्ञाधारक मुलीबद्दल सांगण्यासारखं काहीच सापडत नाही. मुलगी तेव्हा मंडळाच्या मराठी शाळेत लहान मुलांचा वर्ग घेत होती. ते फॉर्मात आलंच नाही, कारण 'ते काय, आपलं घरचंच'. कॉलेजच्या अर्जातही ते राहून गेलं. कॉमन ॲप या कॉलेजांच्या सामाईक अर्जात अशा दहा गोष्टी लिहायला जागा असते, हिच्या अर्जातल्या चार रिकाम्या होत्या.

धाकट्याच्या फॉर्मात त्यांनी विशेषणं लिहिलीच नाहीत. गणपतीत ऐन आरतीच्या तोंडावर मंडळाचा ध्वनिमिक्सर बंद पडला. पोराने मागची प्लेट उघडली, सुटलेली वायर डाग देऊन जोडली, आणि पुढच्या वर्षापासून सगळी साउंड सिस्टीम त्याच्या गळ्यात पडली. एवढंच लिहून दिलं. शिवाय नववीपासून वर्षातून दोनदा मुलगा स्वतः काउन्सेलरला भेटून यायचा, काकू गाडीत बसून राहायच्या. आईने बोलायचं आणि मुलाने मान डोलवायची, ही आपली पद्धत तिथे मुलाच्या विरोधात जाते. त्याने मराठीची परीक्षाही दिली. दोन भाषा येणाऱ्या विद्यार्थ्यांना डिप्लोमावर 'सील ऑफ बायलिटरसी' मिळतं. कॅलिफोर्नियाने २०११ मध्ये त्याचा कायदा केला, पुढे न्यू जर्सीतही ते आलं. त्यासाठीच्या चाचण्यांत मराठीही आहे.

कॉलेजप्रवेशासाठीच्या परीक्षांचं काकू थोडक्यात उरकतात, कारण त्याचीच चर्चा सगळीकडे जास्त होते. एसएटी १६०० गुणांची, एसीटी ३६ ची. दोन्हींचा एकेक सराव पेपर घरी सोडवून जी जमते ती धरावी. एसएटी आता संगणकावर असते आणि सव्वादोन तासांत संपते. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. जेईईच्या धाकात वाढलेल्या बापांना हे पटवायला वेळ लागतो. कोविडमध्ये बहुतेक कॉलेजांनी गुणांची सक्ती उठवली. मग एमआयटीने २०२२ मध्ये आणि डार्टमथ, हार्वर्ड वगैरेंनी २०२४ मध्ये परीक्षा परत आणली. कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेशासाठी हे गुण बघतच नाही. म्हणून अकरावीतच कॉलेजांची कच्ची यादी करावी आणि परीक्षेवर किती उन्हाळे घालवायचे ते त्यावरून ठरवावं.

पीएसएटीबद्दल मात्र त्या थांबून सांगतात. अकरावीच्या ऑक्टोबरमधल्या या परीक्षेवर नॅशनल मेरिट शिष्यवृत्तीची पहिली चाळणी लागते. पात्रतेचे गुण राज्यागणिक वेगळे, न्यू जर्सीचे नेहमी देशात वरच्या रांगेत. थोरलीला गुण छान पडले, पेढेही वाटून झाले. मग बारीक अक्षरांतला तेव्हाचा नियम दिसला : विद्यार्थी नागरिक असावा लागे, किंवा ग्रीन कार्डधारक, किंवा निदान त्याचा ग्रीन कार्डचा अर्ज दाखल झालेला असावा लागे. मुलगी एच-४, म्हणजे परदेशी नोकरदाराच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर, अर्ज दाखल करायची पाळी अजून यायची होती. फाफ्सा हा अर्ज भरून मिळणारी केंद्र सरकारची मदत तर आजही एच-४ ला नाही. सरकारी विद्यापीठात राज्यातल्या रहिवाशाची कमी फी लागेल की बाहेरच्याची दुप्पट-तिप्पट, हे त्या त्या राज्याच्या नियमांवर. वयाची एकवीस वर्षं पूर्ण झाली की एच-४ ही सुटतो. अशा घरांनी पैशाचा विषय नववीतच काढावा, असं काकूंचं स्पष्ट मत आहे. कॉलेजांच्या संकेतस्थळांवर खर्चाचा अंदाज देणारं 'नेट प्राइस कॅल्क्युलेटर' असतं, पण ते मुख्यतः नागरिकांचा विचार करून बेतलेलं. एच-४ वाल्यांनी आकडा बघून हुरळून न जाता प्रवेश कार्यालयाला लिहून विचारावं. आणि 'अर्ली डिसिजन'खाली अर्ज करण्याआधी दहादा विचार करावा. प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं, असा तो करार असतो. दुसऱ्या कॉलेजची मदत पडताळून बघायची संधी राहत नाही.

खासगी सल्लागारांचं पीक आता मराठी व्हॉट्सॲप गटांतही आलंय. सगळे वाईट नसतात. पण रिक सिंगर हाही सल्लागारच होता. श्रीमंत पालकांकडून त्याने अडीच कोटी डॉलरच्या वर घेतले, परीक्षांत तोतये बसवले, खोटे खेळाडू उभे केले. २०१९ मध्ये ते बाहेर आलं आणि २०२३ च्या जानेवारीत त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. जो प्रवेशाची हमी देतो किंवा मुलाचा निबंध स्वतः लिहून देतो, त्याचा नंबर काकू तिथेच ब्लॉक करायला लावतात.

धाकटा आता बारावीत आहे, अर्ज गेले आहेत. निकाल मार्चअखेरपर्यंत येतील आणि १ मेपर्यंत कुठे जायचं ते कळवायचं. तोवर अभ्यास सुटला, असं वर्गातल्या निम्म्या मुलांनी धरलंय. पण जूनमध्ये शाळा शेवटची ट्रान्सक्रिप्ट कॉलेजला पाठवते आणि ग्रेड फारच घसरल्या असतील तर दिलेला प्रवेश काढूनही घेतला जातो. फिजिक्समध्ये नुकतीच 'सी' आली, तेव्हापासून गाडीची किल्ली काकूंच्या पर्समध्ये आहे.