माहिती द्यावी, पण मोजून

इचलकरंजीत मी जमाखर्च लिहिते, रिटर्न भरते आणि लोकांच्या कर्जाच्या फायली तयार करते. यंत्रमागधारक, किराणा दुकानदार, घरगुती खानावळ चालवणाऱ्या बायका, पहिलं घर घेणारी जोडपी, असे सगळेच येतात. कर्ज मागताना माणूस स्वतःची माहिती कशी हाताळतो, हे वर्षानुवर्षं जवळून पाहिल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. जिथे मोकळेपणानं सांगायला हवं तिथे आपण लपवतो आणि जिथे हात आखडायला हवा तिथे मागितलं ते सगळं देऊन मोकळे होतो. खिशातले पैसे आपण मोजून देतो, कशासाठी ते विचारतो, पावती घेतो. माहितीही तशीच द्यायला हवी. त्यासाठी हे अनुभवाचे बोल.

1. चालू कर्ज बँकेपासून लपवू नका

"मॅडम, गाडीचा हप्ता दाखवू नका, उगाच कर्ज अडकेल," हे मला नेहमी ऐकायला मिळतं. आपण सांगितलं नाही तर बँकेला कळणार नाही, अशी समजूत असते. प्रत्यक्षात सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि सीआरआयएफ हाय मार्क या चार पतमाहिती कंपन्यांकडे बँका आणि वित्त कंपन्यांच्या कर्जांची नोंद जाते. 2005 च्या कायद्यानं ही व्यवस्था लावून दिली आहे आणि जानेवारी 2025 पासून ही नोंद निदान दर पंधरवड्याला ताजी करावी लागते.

एका यंत्रमागधारकाला जुने माग काढून नवे घ्यायचे होते. मोटारसायकलचा आणि मोबाइलचा असे दोन हप्ते चालू होते आणि ते लपवायचा त्याचा हट्ट होता. मी त्या दोन्ही कर्जांचा वेगळा कागद फाईलला लावला: शिल्लक किती, हप्ता किती, कोणत्या महिन्यात फिटणार. मागितल्यापेक्षा रक्कम थोडी कमी मिळाली, पण कर्ज मंजूर झालं. आपण सांगितलेलं कर्ज हिशेबात धरलं जातं. बँकेला सापडलेल्या कर्जामुळे आपल्या सचोटीवर शंका येते आणि मग फाईलमधल्या खऱ्या कागदांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

2. आपला रिपोर्ट बँकेच्या आधी आपण वाचा

"माझं सिबिल खराब आहे म्हणे," असं सांगणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी आपला रिपोर्ट पाहिलेला असतो. वर सांगितलेल्या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्यानं पतगुण कमी होत नाहीत, तेव्हा ती भीती मनातून काढून टाका. 300 ते 900 मधला आकडा पाहून थांबू नका, खालच्या नोंदी वाचा. फिटलेलं कर्ज अजून थकीत दिसतं का? कधीकाळी जामीनदार म्हणून सही केली होती, ते कर्ज आहे का? न घेतलेलं एखादं कर्ज नावावर चढलं आहे का?

चूक सापडली तर लेखी तक्रार करा. 30 दिवसांत निवारण झालं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई देण्याचा नियम 2024 पासून लागू आहे. कोणी तुमचा रिपोर्ट मागवला तर त्याचा एसएमएस किंवा ईमेलही येतो. म्हणून बँकेत नोंदवलेला मोबाइल नंबर चालू ठेवा. अर्ज केला नसताना असा मेसेज आला तर त्याच दिवशी चौकशी करा.

3. झेरॉक्सवर कारण आणि तारीख लिहा

माझ्याकडून जाणारी आधार-पॅनची प्रत कोरी जात नाही. निळ्या पेनानं कार्डाच्या चित्रावरूनच तिरकं लिहायचं: "फक्त अमुक बँक, अमुक शाखा, गृहकर्ज अर्जासाठी". खाली तारीख आणि सही. अक्षरं कार्डाच्या आत गेलीच पाहिजेत. ती बाहेर कोऱ्या जागेत राहिली, तर पुढची प्रत काढताना वर कागदाची पट्टी ठेवून कोणीही ती झाकू शकतो. जिथे पूर्ण आधार क्रमांकाची गरज नाही तिथे पहिले आठ अंक झाकलेलं आधार द्या. ते आधारच्या संकेतस्थळावरून काढता येतं. रद्द चेकवर दोन रेघा आणि मधे 'रद्द' एवढं पुरतं, सही करायची गरज नसते. सही केलेला कोरा चेक आणि ओटीपी मात्र कोणालाच द्यायचा नाही, मग तो एजंट कितीही ओळखीचा असो.

4. स्टेटमेंटमध्ये अख्खा संसार असतो

"सहा महिन्यांचं स्टेटमेंट व्हॉट्सॲप करा," असं एजंट सहज म्हणतो आणि माणूस उभ्या उभ्या पाठवतो. त्या पानांत काय असतं ते एकदा वाचून पाहा. कोणत्या दवाखान्यात किती वेळा गेलात, मुलीच्या क्लासची फी किती, भावाला किती उसने दिले, महिनाअखेरीस खात्यात काय उरतं. ती फाईल एजंटच्या मोबाइलवर, त्याच्या मदतनिसाच्या लॅपटॉपवर, कधी सायबर कॅफेच्या संगणकावर पडून राहते. कर्ज नाकारलं गेलं तरी ती तिथेच असते.

याला आता बरा मार्ग आहे. रिझर्व्ह बँकेनं 2016 मध्ये 'अकाउंट ॲग्रीगेटर' कंपन्यांचे नियम केले आणि सप्टेंबर 2021 पासून ही सोय प्रत्यक्ष सुरू झाली. यात तुमची बँक तुमच्या संमतीनं माहिती थेट कर्ज देणाऱ्याकडे पाठवते. मधली कंपनी फक्त ती पोचवते, तिला ती वाचता येत नाही. संमतीच्या पडद्यावर सगळं लिहिलेलं असतं: माहिती कोण मागतंय, कशासाठी, कोणत्या खात्याची, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतची, किती वेळा घेणार आणि किती दिवस ठेवणार. हा पडदा मी समोरच्याला मोठ्यानं वाचून दाखवते. 'एकदाच' आणि 'दरमहा' यांतला फरक तिथेच कळतो. कॅश क्रेडिटसारख्या कर्जात बँकेला खातं अधूनमधून पाहावं लागतं, ते समजण्यासारखं आहे. छोट्याशा कर्जासाठी कोणी वर्षानुवर्षं दरमहा माहिती मागत असेल तर कारण विचारा. दिलेली संमती मागेही घेता येते.

गावातली पतसंस्था या व्यवस्थेत नसेल, तर कागद शाखेत स्वतः नेऊन द्या आणि पोच घ्या.

5. फोनमधली नावं द्यायचा तुम्हाला अधिकार नाही

रात्री दवाखान्यात डिपॉझिट भरायचं असतं आणि मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज मिळतं. अशा वेळी ॲपनं संपर्क यादी मागितली तरी 'अलाउ'वर बोट जातंच. एका सायझिंग कामगाराच्या बाबतीत हप्ता चुकल्यावर त्याच्या मामाला, मालकाला आणि मुलाच्या शिक्षकांना मेसेज गेले. त्या माणसांनी कर्ज घेतलं नव्हतं आणि जामीनही राहिली नव्हती.

कर्ज देणाऱ्या ॲपनं फोनमधले फोटो, फाइली, संपर्क यादी आणि कॉलची नोंद घ्यायची नाही, असं रिझर्व्ह बँकेनं 2022 मध्येच बजावलं आहे. 2025 च्या निर्देशांतही ते कायम आहे. कॅमेरा, माइक किंवा लोकेशन फक्त ओळख पटवण्यापुरतं, एकदा आणि तुमच्या स्पष्ट संमतीनं वापरता येतं. म्हणून साधी कसोटी ठेवा. ॲपनं संपर्क यादी मागितली की ते काढून टाका. बँका आणि वित्त कंपन्यांनी कळवलेल्या कर्ज ॲपची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. धमक्या आणि फसवणूक सुरू झाली तर 1930 वर फोन करा, लाजून घरात बसू नका.

6. बाईच्या कागदांवर बाईचाच ताबा हवा

बचत गटाच्या आणि सूक्ष्मकर्जाच्या कामात मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे. गल्लीतल्या एका बाईकडे सगळ्यांची आधार कार्डं जमा असतात. सही कुठे करायची ते बोट ठेवून दाखवतात आणि पुढे बाईच्या नावावर उचललेले पैसे दुसऱ्याच घरात खर्च होतात. थकबाकी मात्र तिच्या नावावर राहते.

रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमानुसार वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला सूक्ष्मकर्ज देताना घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. म्हणजे इथे उत्पन्न आणि कर्ज खरं सांगणं हे बाईचंच संरक्षण आहे. उत्पन्न फुगवून लिहायला सांगणारा माणूस तिचं भलं करत नाही. मी प्रत्येकीला सांगते: ताई, कार्ड आपल्या पाकिटात, मोबाइल नंबर आपला आणि फॉर्मवरचा आकडा आपण वाचलेला.

7. गरिबालाही आब असतो

ज्याच्याकडे फ्लॅट किंवा बागायत आहे त्याचं काम तारणाच्या कागदांवर भागतं. ज्याच्याकडे काही नाही, त्याच्याकडून रोजचे व्यवहार मागितले जातात. यात चांगली बाजू आहे, हे मी मान्य करते. खानावळ चालवणाऱ्या एका काकींकडे ना सातबारा, ना जामीनदार. त्यांच्या यूपीआयवर रोज येणाऱ्या पैशांच्या नोंदींवर त्यांना मोठा फ्रीज घेण्यापुरतं कर्ज मिळालं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचे कष्ट कागदावर दिसले.

पण तारण नाही म्हणून कोणाचं खासगी आयुष्य मोकळं रान होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं 2017 मध्ये पुट्टास्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो पगारदाराइतकाच खानावळवाल्या काकींचाही आहे. व्यवसायाची उलाढाल विचारा, पण त्यांनी कोणतं औषध घेतलं ते कर्जाशी संबंधित नाही.

8. मराठीत मागा

वीस पानी इंग्रजी मजकुराखाली सही करणाऱ्याची संमती मी खरी मानत नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत मिळण्याची तरतूद आहे. त्यात मराठी येते. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असावं, असंही हा कायदा म्हणतो. त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. तोवर शाखेत मराठीत विचारा आणि मराठीतच उत्तर मागा. खरं व्याज आणि सगळे आकार एका ठिकाणी दाखवणारं मुख्य माहितीपत्रकही मागून घ्या.

9. कर्ज फिटलं की माहितीही परत मागा

शेवटचा हप्ता भरल्यावर लोक पेढे वाटतात आणि विसरतात. 'देणे नाही'चा दाखला घ्या, उरलेले चेक परत घ्या, हप्त्याचा ऑटो-डेबिट रद्द करा. अकाउंट ॲग्रीगेटरची चालू संमती असेल तर बंद करा. ॲप फोनमधून काढलं म्हणून त्यांच्याकडची माहिती पुसली जात नाही, ती पुसण्याची मागणी करावी लागते. घराची मूळ कागदपत्रं 30 दिवसांत परत मिळायला हवीत. कर्ज देणाऱ्या संस्थेच्या चुकीनं उशीर झाल्यास दिवसाला 5,000 रुपये भरपाईचा नियम आहे. दाद बँकेत मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. पतसंस्थेची तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करावी लागते, हेही लक्षात ठेवा.

हे सगळं गरज पडल्यावर सुचत नाही. कर्जाची घाई असलेला माणूस काहीही वाचत नाही, फक्त सही करतो. म्हणून कर्ज नको असतानाच तयारी करा. या वर्षीचा मोफत रिपोर्ट अजून काढला नसेल तर येत्या रविवारी काढा, घरातल्या सगळ्यांचा काढा आणि शेवटच्या पानापर्यंत वाचा.