शापित चिरंजीव आणि महानगर : पुराणाधिष्ठित नागर अद्भुत कादंबरीचा आस्वाद

पुराणातील पात्रे आजच्या शहरात वावरत आहेत, अशी कल्पना करून लिहिलेल्या अद्भुत कादंबऱ्या गेल्या दोन दशकांत भारतीय इंग्रजी साहित्यात आल्या. अशा कादंबऱ्यांना 'रंजनपर' म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु हे रंजन नेमके कशातून घडते, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

मराठी वाचकाला पुराणकथेचे पुनर्कथन नवे नाही. वि. स. खांडेकरांची 'ययाति' (१९५९) किंवा शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' (१९६७) यांत पात्रे आपापल्या युगातच राहतात. मात्र लेखक त्यांच्या ठायी आधुनिक मन कल्पितो. नागर अद्भुत कादंबरीत याच्या उलट घडते. येथे युग बदलते आणि पात्र जुनेच राहते. परिणामी पात्राचा पूर्ववृत्तान्त वाचकाला ठाऊक असतो, पण भोवतालच्या माणसांना ठाऊक नसतो. या रहस्यात वाचक सहभागी असतो आणि त्याच्या आनंदाचे मूळ तेथेच आहे.

अश्वत्थाम्याचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. महाभारताच्या सौप्तिकपर्वात श्रीकृष्ण त्याला तीन हजार वर्षे एकाकी भटकण्याचा शाप देतो. लोकांच्या वस्तीत त्याला स्थान मिळणार नाही, हा या शापाचा गाभा होय. लोकपरंपरेने मुदतीचा भाग विसरून त्याला सप्तचिरंजीवांत बसविले. निर्जनतेचा भाग मात्र जपला. सातपुड्यातील अस्तंभा शिखरावर त्याचे वास्तव्य असल्याची श्रद्धा आहे आणि तेथे दिवाळीच्या सुमारास यात्रा भरते. जखमेसाठी तेल मागत तो हिंडतो, ही समजूत महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे.

बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये शिकलेल्या कृष्णा उदयशंकर यांनी 'इम्मॉर्टल' (२०१६) या इंग्रजी कादंबरीत या अश्वत्थाम्याला भारद्वाज नावाचा इतिहासाचा प्राध्यापक केले. येथे शापाचे स्वरूपच पालटते. ज्याला वस्तीत थारा नव्हता, तो आता गर्दीतच लपू शकतो, कारण शेजारी कोण राहतो हे शहरात कोणी विचारीत नाही. निर्जनतेचा शाप अनोळखीपणाच्या शापात रूपांतरित होतो. पुराणकथेला शहराने दिलेला हा नवा अर्थ होय. कादंबरीचा पुष्कळसा भाग वज्राच्या शोधाने व्यापल्यामुळे या अर्थाला पुरेसा अवकाश मिळत नाही, ही तिची मर्यादा आहे. त्यांच्याच 'बीस्ट' (२०१९) मध्ये मुंबईतील एका हत्याकांडाचा तपास करणारी पोलीस अधिकारी माणसांत मिसळून राहणाऱ्या सिंहमानवांच्या जगात ओढली जाते. अद्भुताचा सामना तेथे कायद्याशी होतो.

मात्र पुराण आणि महानगर यांची गाठ केवळ कादंबरीकारांनी घातलेली नाही. बंगळूरच्या जुन्या पेठेत चैत्र पौर्णिमेच्या रात्री धर्मराय मंदिरातून करगाची मिरवणूक निघते. परंपरेने बागायती करणाऱ्या तिगळ समाजाचा हा उत्सव आहे. तिमिरासुराच्या पारिपत्यासाठी द्रौपदीने वीरकुमार निर्माण केले आणि निरोप घेताना दरवर्षी परत येण्याचे वचन त्यांना दिले, अशी कथा आहे. स्त्रीवेषातील पुरुष पुष्पमंडित करग मस्तकी घेऊन चालतो. मिरवणूक तवक्कल मस्तान यांच्या दर्ग्यालाही जाते. करगाच्या विधींचा संपंगी तलावाशी निकटचा संबंध आहे. तलावाच्या बहुतांश जागेवर पुढे कंठीरव क्रीडांगण झाले, पण उरलेल्या लहानशा कुंडाशी तो संबंध टिकून आहे. स्मृती श्रीनिवास यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात करग आणि शहराची स्मृती यांच्या या अनुबंधाचा अभ्यास केला आहे.

अश्वत्थामा वस्तीतून हद्दपार झालेला आहे, तर द्रौपदी वस्तीत परतणारी आहे. पहिल्याची कथा कोणत्याही महानगरात घडू शकते. दुसरीची कथा त्या पेठेतून आणि त्या कुंडापासून वेगळी काढता येत नाही. शहराने गमावलेले पाणी तिच्यात जिवंत राहिले आहे.

या तुलनेतून आस्वादाचा एक निकष हाती येतो. पुराणपात्राला आधुनिक पोशाख चढविल्याने मिळणारा आनंद अल्पजीवी असतो. शहरामुळे मिथकाचा अर्थ बदलावा आणि मिथकामुळे शहराची विसरलेली बाजू दिसावी, तेव्हाच कादंबरी रंजनाच्या पलीकडे जाते. तिच्यातील शहर बदलून दुसरे ठेवले तर कथा मोडते की तशीच उभी राहते, हे पाहिले म्हणजे तिचे वाङ्मयीन मूल्य ठरविणे अवघड जाणार नाही.