वैद्यकीय शिक्षणाचे ध्येय आणि अधिष्ठान

आपल्या वसतिगृहातील नववी-दहावीच्या मुलामुलींना भावी आयुष्याविषयी विचारले, तर अनेकांच्या तोंडून एकच उत्तर येते : ‘डॉक्टर व्हायचे आहे.’ पुढचा प्रश्न ‘कशासाठी?’ असा केला, की वर्गात शांतता पसरते. काही वेळाने कोणी म्हणते, वडिलांची इच्छा आहे. कोणी म्हणते, समाजात मान मिळतो. एखादी मुलगी हळूच सांगते, आई विड्या वळते, तिचे कष्ट थांबवायचे आहेत. यांतले एकही उत्तर खोटे नाही आणि लाजिरवाणे तर मुळीच नाही. तथापि ‘डॉक्टर होणे’ ही इच्छा आणि ‘डॉक्टर होऊन काय करणे’ हे ध्येय, या दोन गोष्टींतील अंतर वेळीच ओळखले नाही, तर पुढची आठ-दहा वर्षे फार जड जातात.

आपल्या परंपरेतील पहिला थोर वैद्य जीवक. राजगृहात उकिरड्यावर टाकून दिलेले हे मूल अभय राजकुमाराने वाढविले. महावग्गातील कथेनुसार जीवक तक्षशिलेला गेला तो करुणेने भारावून नव्हे. राजकुलात हाती विद्या नसलेल्याचा निभाव लागत नाही, या व्यवहारी विचाराने गेला. सात वर्षे शिकूनही विद्येचा अंत दिसेना, तेव्हा आचार्यांनी त्याच्या हाती कुदळ दिली आणि तक्षशिलेभोवती योजनभर फिरून औषधी नसलेली वनस्पती शोधून आणावयास सांगितले. जीवक रिकाम्या हाताने परतला. औषधी नाही असे त्याला काहीच आढळले नव्हते, आणि त्याची विद्या पूर्ण झाल्याचे आचार्यांनी मान्य केले. पुढे हाच जीवक बिंबिसाराचा, तथागतांचा आणि भिक्खुसंघाचा वैद्य झाला. उपजीविकेसाठी सुरू झालेली वाट सेवेपर्यंत पोहोचू शकते, हे पालकांनी विशेष लक्षात घ्यावे. पोटासाठी शिकणाऱ्या मुलाला कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र त्याला पोटापाशीच थांबू देऊ नये.

ध्येय म्हणजे काय, हे पाहण्यासाठी सोलापूरकरांना दूर जावे लागत नाही. भैय्या चौकाजवळील डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे घर आज स्मारक म्हणून उभे आहे. 10 ऑक्टोबर 1910 रोजी सोलापुरात जन्मलेले कोटणीस मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले. शहरात दवाखाना थाटून सुखाने जगणे त्यांना सहज शक्य होते. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनने वैद्यकीय साहाय्य मागितले आणि 1938 मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. त्यात अटल, चोळकर, बसू, मुखर्जी यांच्यासमवेत सत्तावीस वर्षांचे कोटणीसही होते. तिकडे असतानाच वडिलांच्या निधनाची वार्ता आली. परत जाण्याची मोकळीक असूनही ते गेले नाहीत. चिनी भाषा शिकले, त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले. 1940 मधील एका लढाईच्या वेळी ते बहात्तर तासांपर्यंत न झोपता शस्त्रक्रिया करीत राहिले. त्या लढाईत त्यांनी आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले. 1941 मध्ये डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते संचालक झाले. 9 डिसेंबर 1942 रोजी अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा अंत झाला, तेव्हा वय अवघे बत्तीस. मुलगा इन्हुआ चार महिन्यांचाही नव्हता. शल्यशास्त्रावरील त्यांचे पुस्तक अर्धे लिहून राहिले.

प्रत्येकाने रणांगणावर जावे असे येथे सुचवायचे नाही. स्वतःच्या प्रकृतीकडे दुर्लक्ष करणे हा तर अनुकरण करण्याजोगा भाग नव्हेच. पाहण्याजोगे एवढेच, की त्यांना पदवी मिळाल्यानंतरही ‘आता कोणासाठी?’ हा प्रश्न शिल्लक होता आणि त्याचे उत्तर त्यांनी स्वतः शोधले.

आता अभ्यासाकडे वळू. नीट परीक्षेत 180 प्रश्न आणि 720 गुण असतात. त्यांपैकी निम्मे गुण जीवशास्त्राचे. प्रवेश मिळाल्यावर साडेचार वर्षांचा अभ्यास व एक वर्षाची आंतरवासिता. या वाटेवर ध्येयवाक्य भिंतीवर चिकटविल्याने भौतिकशास्त्रातील एकही उदाहरण सुटत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ध्येयाचा उपयोग वेगळा आहे. चाचणीत गुण घसरले, घरची आठवण आली, शिकवणी लावलेल्या शहरी मुलांशी तुलना होऊ लागली, की मन विचारते, ‘हे सारे कशाला?’ त्या क्षणी ‘मान मिळतो’ हे उत्तर टिकत नाही, कारण मान अजून फार दूर असतो. ‘माझ्या वस्तीत ताप अंगावर काढणाऱ्या बायकांना वेळेवर औषध मिळावे’ हे उत्तर टिकते, कारण त्या बायका आजही तेथेच आहेत. दहा पारमितांमध्ये अधिष्ठान म्हणजे दृढनिश्चय आणि वीर्य म्हणजे परिश्रम, या दोन वेगळ्या पारमिता सांगितल्या आहेत. एकीने दुसरीचे काम भागत नाही.

नापास होण्याविषयी घरोघरी मौन पाळले जाते, म्हणून त्याविषयी थोडे अधिक. बाबासाहेबांची बडोद्याची शिष्यवृत्ती 1917 मध्ये संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धे टाकून त्यांना परतावे लागले. सोबतीने न आणता पाठविलेले ग्रंथ जहाजाबरोबर बुडाले. त्यांनी सिडनहॅम महाविद्यालयात शिकविले, पैसे जमविले, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य घेतले आणि 1920 मध्ये पुन्हा लंडन गाठले. 1922 मध्ये सादर केलेला प्रबंध परीक्षकांनी बदल सुचवून परत केला. तो पुन्हा लिहून 1923 मध्ये त्यांनी डी.एस्सी. मिळविली. तीन वर्षांचा खंड पडला, प्रबंध परत आला, तरी ध्येय जागचे हलले नाही.

यातच पुढची गोष्ट आली. ज्याचे ध्येय ‘एमबीबीएस’ ही चार अक्षरे एवढेच आहे, त्याचे सारे आयुष्य एका निकालावर टांगलेले राहते, आणि त्या निकालाच्या दिवशी आमची काही लेकरे मोडून पडतात. ज्याचे ध्येय आजाऱ्याची शुश्रूषा हे आहे, त्याला परिचर्या, औषधनिर्माण, भौतिकोपचार, आयुर्वेद, प्रयोगशाळा तंत्रज्ञान ही दारेही खुली दिसतात. अतिसाराने विष्ठेत पडलेल्या भिक्खूला भगवंतांनी आनंदासह स्वतः धुतले, उचलून मंचकावर ठेवले. त्या कामाला कोणतीही पदवी लागली नव्हती. पालकांनी निकालाच्या दिवशी मुलाच्या गुणपत्रिकेआधी त्याच्या चेहऱ्याकडे पाहावे, ही कळकळीची विनंती.

माजी विद्यार्थ्यांकडून एक अपेक्षा आहे. आपल्यापैकी जे डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते झाले आहेत, त्यांनी वर्षातून एक रविवार वसतिगृहासाठी राखून ठेवावा. भाषण नको. दहावीच्या पाच-सहा मुलांना बरोबर घेऊन सकाळी कोटणीस स्मारक दाखवावे, मग आपल्या कामाच्या जागी न्यावे, केसपेपरच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसांशी बोलू द्यावे. परतल्यावर प्रत्येकाला वहीत एक वाक्य लिहावयास सांगावे : ‘मला कोणाचे दुःख कमी करायचे आहे?’ नाव, वस्ती, आजार असे नेमके लिहावे. बारावीच्या वर्षी तीच वही पुन्हा उघडावी आणि वाक्य बदलावेसे वाटले, तर खुशाल बदलावे.