चौदा गोळ्यांपैकी कोणत्या कमी होतील?

प्रश्न : वडील ७६ वर्षांचे आहेत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस आणि रोज चौदा गोळ्या. दिवसभर गुंगीत असतात, दोनदा पडलेही. काही गोळ्या बंद करू का?

उत्तर : गोळ्या कमी होऊ शकतील, पण स्वतःहून एकही बंद करू नका. सगळी पाकिटे पिशवीत घालून किडनीच्या डॉक्टरांकडे न्या. मेडिकलमधून आणलेली वेदनाशामके, आयुर्वेदिक चूर्णेही त्यात हवीत. प्रत्येक गोळीबद्दल विचारा : ही कशासाठी सुरू झाली, आणि ते कारण अजून आहे का?

गुंगी आणि पडणे ऐकून मला पहिली शंका येते ती पायांच्या जळजळीसाठीच्या प्रीगाबालिन किंवा गाबापेंटिनची. ही औषधे किडनीवाटेच बाहेर पडतात, त्यामुळे शरीरात साठतात. दुसरी शंका रक्तदाबाच्या गोळ्यांची. डायलिसिसनंतर उभे राहताना त्यांना चक्कर येते का, हे नीट पाहा. वडील इन्सुलिन घेत असतील, तर किडनी निकामी झाल्यावर ते शरीरात जास्त वेळ टिकते, म्हणून साखरही घसरू शकते. तीही तपासा.

गुंगीशी संबंध नसलेल्या गोळ्याही तपासा. पित्तासाठीची पँटोप्राझोल कधीतरी दवाखान्यात सुरू होते आणि वर्षानुवर्षे चालूच राहते. फॉस्फरस कमी करणारी सेवेलामेर जेवणासोबतच घ्यायची असते. घास जात नसेल, तर ती गोळी फुकट.

एका वेळी एकच औषध कमी करावे, म्हणजे फरक कशाने पडला ते कळते. रक्तदाबाच्या क्लोनिडीन, मेटोप्रोलोल किंवा गाबापेंटिन एकदम तोडणे धोक्याचे. वडिलांना कोणती गोळी नकोशी वाटते, हेही त्यांनाच विचारा.