मटण खाल्ले संध्याकाळी, पित्त उठले मध्यरात्री : रक्त केव्हा तपासावे?

रात्री आठला मटण-भाकरी खाऊन झोपलेला माणूस एक वाजता उठून बसतो. अंगभर गांधी उठलेल्या असतात, तळहात-तळपाय खाजतात, पोटात मुरडा येतो, ओठ सुजतात. घरात कोणी म्हणते पित्त झाले, कोणी म्हणते बाधले, कोणी दृष्ट काढायला मीठ-मिरची घेते.

आम्ही रात्रपाळी करायचो तेव्हा असे रुग्ण यायचे. इंजेक्शन देऊन सकाळी घरी पाठवायचो. संध्याकाळी काय खाल्ले होते, हे आम्ही विचारतच नव्हतो. एका डॉक्टरांनी वस्तीतल्या बाईला ऐकवले, "तुम्ही लोक नको ते खाता, म्हणून होते." बाई मान खाली घालून गेली. तिला लाज मिळाली, निदान मिळाले नाही.

हा आजार काय आहे?

शेळी, मेंढी, म्हैस, डुक्कर अशा सस्तन प्राण्यांच्या मांसात अल्फा-गॅल नावाची साखर असते. माणसाच्या शरीरात ती नसते. काही जातींची गोचीड चावली की तिच्या लाळेतून ही साखर अंगात जाते. काहींचे शरीर तिला शत्रू समजते आणि तिच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार करते. पुढे मटण खाल्ले की अॅलर्जी उसळते, पण लगेच नाही, दोन ते सहा तासांनी. म्हणून जेवणाचा संशय कोणालाच येत नाही. वर्षानुवर्षे मटण पचवलेल्या मोठ्या माणसालाही हा त्रास नव्याने सुरू होतो. कोंबडी, अंडी, मासे यांत ही साखर नसते.

अमेरिकेत सेटुक्सिमॅब हे कर्करोगाचे औषध देताच काही रुग्णांना जबर अॅलर्जी झाली. त्यामागे अल्फा-गॅल आहे, हे थॉमस प्लॅट्स-मिल्स आणि सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवले. ऑस्ट्रेलियात डॉ. शेरिल व्हॅन नुनेन यांनी गोचीड आणि मटण यांचा संबंध जोडला. अमेरिकेत साडेचार लाखांपर्यंत लोकांना हा आजार असू शकतो, असा अंदाज तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने २०२३ मध्ये दिला. म्हणजे हा आजार ना जात पाहतो, ना वस्ती.

कोणती तपासणी?

तपासणीचे नाव आहे 'अल्फा-गॅल स्पेसिफिक आयजीई'. हातातून थोडे रक्त घेतात. उपाशीपोटी जावे लागत नाही. अॅलर्जीची गोळी चालू असली तरी रक्ताचा निकाल बिघडत नाही. साधारण ०.१ च्या वर आकडा आला तर प्रतिपिंडे आहेत असे धरतात.

पण तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा :

१. आकडा वाढला, पण मटण खाऊन काहीच त्रास होत नाही, तर तो आजार नव्हे. आकडा आणि त्रास दोन्ही जुळले पाहिजेत.

२. नुसते 'टोटल आयजीई' वाढले म्हणजे मटणाची अॅलर्जी नव्हे. पोटात जंत असले तरी ते वाढते.

३. शंभर-दोनशे पदार्थांची 'आयजीजी' तपासणी कोणी विकत असेल तर पैसे घालू नका. त्यातून अॅलर्जी कळत नाही.

ही रोजची तपासणी नाही, नमुना बहुधा बाहेरगावी पाठवावा लागतो. म्हणून थेट लॅबमध्ये जाऊ नका. आधी जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात डॉक्टरांना दाखवा. जाताना वही न्या. काय खाल्ले, किती वाजता, त्रास किती वाजता सुरू झाला, गोठ्यात किंवा शेळ्यांमागे असताना गोचीड चावली होती का, हे लिहा. अर्धे निदान त्या वहीत असते. शिळे मटण, पित्ताशयातील खडे अशी कारणेही असतात, तीही डॉक्टर तपासतील.

निकाल येईपर्यंत

ज्याला त्रास होतो त्याने मटण, वजडी, मुंडी, पाया, चरबी बंद ठेवावी. "खाऊन बघू" असा प्रयोग घरी करू नये. श्वास लागला, चक्कर आली, घसा आवळला तर १०८ ला फोन करा. रुग्णाला आडवे करून पाय उंच ठेवा, श्वास लागत असेल तर बसू द्या, पण उभे करू नका. दवाखान्यात अॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन जीव वाचवते.

गोचीड चिकटली तर चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा. रॉकेल लावू नका, चटका देऊ नका. जागा साबणाने धुवा. नव्याने गोचीड चावली नाही तर काहींची प्रतिपिंडे हळूहळू उतरतात.

ज्यांना त्रास नाही त्यांनी भीतीने मटण सोडू नये. आपल्या बायाबापड्यांत रक्त कमी असते, त्यांना त्यातले लोह हवे आहे. आणि खाण्यावरून कोणी हिणवले तर मान खाली घालू नका. त्यालाच विचारा, "तपासणी कोणती करायची, ते लिहून द्या."

जय भीम!